ड्राइव्ह बदलला तरी डिस्क का चालत नाही, आणि विकत घेतलेल्या कन्सोलवर आपला हक्क किती

प्रश्न थोडक्यात असा आलाय. गडहिंग्लजकडचा एक मुलगा, त्यानं सेकंडहँड पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला लावून गेम खेळायचा कन्सोल) घेतला, डिस्कवाला, सुरुवातीचं जाडजूड मॉडेल. चार महिन्यांत मशीन डिस्क आत ओढायची बंद झाली. दुकानात दिली तर त्यांनी दुसऱ्या एका मेलेल्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह काढून बसवला. आता डिस्क आत जाते, बाहेर पण येते, पण गेम काय दिसत नाही. दुकानदार म्हणतो कंपनीचं लॉक आहे, काही होत नाही. मित्र म्हणतोय जेलब्रेक मार, म्हणजे कंपनीचं लॉक तोड, सगळं सुटतंय. आणि शेवटी त्यानं विचारलंय, दादा, पैसे मी मोजले, मशीन माझ्या घरात, मग त्यात कुठला पार्ट चालायचा हे कंपनी कसं काय ठरवते?

भावा, बाकी सगळं सांगतो, पण आधी एक, तुझा जुना ड्राइव्ह कुठाय? तो दुकानातच राहिला असेल तर आजच्या आज फोन कर आणि सांग की टाकू नका, भंगारात देऊ नका. का ते सांगतो.

ड्राइव्ह म्हणजे एक वस्तू नाही. त्यात एक मेकॅनिझम असतो, म्हणजे डिस्क ओढणारे रोलर, गिअर, मोटर, लेन्स हे सगळं, आणि त्याच्याच पोटात एक छोटा बोर्ड असतो. त्या बोर्डाची आणि तुझ्या मदरबोर्डची, म्हणजे मशीनच्या मुख्य बोर्डाची, कारखान्यातच जोडी लावलेली असते, दोघांकडं एकमेकांची ओळख पटवणारी किल्ली असते, आणि मशीन डिस्क वाचायच्या आधी विचारते की तू माझाच ड्राइव्ह आहेस का. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह टाकला की उत्तर चुकतं आणि विषय संपतो. मेकॅनिझम कुणाचाही चालतो, लेन्स कुणाचीही चालते (नंबर तोच पाहिजे), फक्त बोर्ड मूळचा पाहिजे. आणि तुझ्या मशीनचा आजार काय होता, डिस्क ओढत नव्हती. हे काम रोलर, गिअर नाहीतर मोटरचं. म्हणजे बोर्ड जवळपास नक्की धडधाकट आहे. दुकानदारानं अख्खा ड्राइव्ह बदलायच्या ऐवजी जुन्या ड्राइव्हचा बोर्ड काढून दुसऱ्या मेकॅनिझममध्ये घालायला पाहिजे होता, स्क्रू आणि चपट्या वायरींच्या पट्ट्यांचं काम आहे, अर्धा-पाऊण तास लागतो. लॉक आहे हे त्याचं खरं आहे, काही होत नाही हे खरं नाही.

आता हे लॉक आलंच कुठनं, हे समजून घेतल्याशिवाय तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही. मी हे काम वीस वर्षांवर करतोय, कोल्हापुरात राजारामपुरीत, आणि मला दोन्ही बाजू दिसलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या लहानपणी महाद्वार रोडला जो टीव्ही गेम मिळायचा, कॅसेटवाला, तो मुळात जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. त्या जपानी मशीनमध्ये लॉक नव्हतंच, म्हणून तर त्याच्या इतक्या नकला निघाल्या आणि कुठलीही पिवळी कॅसेट कुठल्याही मशीनला लागायची. तेच मशीन निन्टेन्डोनं १९८५ ला अमेरिकेत नेलं तेव्हा त्यात एक चिप घातली, एक मशीनमध्ये आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये, दोघींचं बोलणं जुळलं नाही तर मशीन दर सेकंदाला रिसेट होत राहायची. कारण काय, तर निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय कुणी कॅसेट बनवू नये. गंमत म्हणजे त्या चिपचा एक पाय कापला की ती गप्प बसायची आणि मशीन सगळं चालवायची, तिकडचे रिपेअरवाले कित्येक वर्षं तेच करत आलेत. म्हणजे बघ, कन्सोलमधलं पहिलं मोठं लॉक आलं ते नुसतं चोरी अडवायला नाही, या मशीनवर धंदा कुणी करायचा हे आपल्या हातात ठेवायला. ही गोष्ट डोक्यात ठेव, पुढं परत परत हेच दिसतं.

मग सीडी आली. पहिल्या प्लेस्टेशनच्या ओरिजिनल सीडीवर ट्रॅकच किंचित डुलता केलेला असायचा आणि त्या डुलण्यात चार अक्षरं लपवलेली असायची, जपानला वेगळी, अमेरिकेला वेगळी, युरोपला वेगळी. घरच्या रायटरला ते डुलणं काढता येत नाही, म्हणून कॉपी चालायची नाही. त्यावर लोकांनी मॉडचिप काढली, जी बोर्डावर बसून ती चार अक्षरं मशीनला पुरवायची. पण त्याच चिपमुळं परदेशातनं विकत आणलेली ओरिजिनल सीडी पण चालायची, जी नाहीतर नुसत्या रीजनमुळं अडायची. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या कोर्टात, सोनी विरुद्ध स्टीव्हन्स म्हणून खटला गेला, आणि २००५ ला कोर्टानं मॉडचिप विकणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला, की हे लॉक कॉपी करण्यापासून अडवत नाही, फक्त चालवण्यापासून अडवतंय, म्हणून त्यांच्या तेव्हाच्या कायद्यात हे संरक्षित लॉक म्हणून बसत नाही. पुढं त्यांनी कायदा बदलला तो भाग वेगळा. पण कोर्टानं फरक ओळखला होता, आणि तो फरक आजही महत्त्वाचा आहे.

तुझ्या ड्राइव्हचं लॉक ज्या जमान्यात रुजलं तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चा. त्यात डिस्क ओरिजिनल आहे का हे तपासायचं काम ड्राइव्ह करायचा आणि मशीनला सांगायचा. लोकांनी २००६ च्या सुमारास ड्राइव्हचंच फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, बदललं, ड्राइव्हला खोटं बोलायला शिकवलं, आणि पायरेटेड डीव्हीडी धडाधड चालायला लागल्या. कोल्हापुरात सुद्धा तेव्हा किती मशीन अशा फ्लॅश झाल्या त्याला गणती नाही. त्यानंतर कुठल्याही कंपनीनं ड्राइव्हवर विश्वास ठेवायचं सोडलं, किल्ली जास्त पक्की, बोर्ड जास्त घट्ट बांधलेला. म्हणजे या जोडीला खरं कारण आहे, कंपनी उगीच करत नाही, हे मी मान्य करतो. माझी तक्रार वेगळी आहे. चोरी अडवायची म्हणून लॉक घातलं ठीक, पण रिपेअरला ते उघडायची सोय का नाही ठेवली?

आणि सोय ठेवता येते हे सोनीनंच दाखवलंय. पीएस५ चं स्लिम मॉडेल आलं, आपल्याकडं एप्रिल २०२४ ला, त्याचा ड्राइव्ह हातानं काढता-घालता येतो. नवा ड्राइव्ह लावला की मशीन इंटरनेटवर जाते, जोडी लावते आणि काम झालं. ग्राहक घरात बसून करतो. मग हीच सोय रिपेअरवाल्याला जुन्या मॉडेलला दिली असती तर किती मशीन वाचल्या असत्या? अर्थात त्यातही एक गोम आहे, जोडी लावायला कंपनीचा सर्व्हर लागतो. आज आहे. वीस वर्षांनी तो ड्राइव्ह बिघडला तर सर्व्हर असेल का? मी आजही पीएस२ रिपेअर करतोय, २००० सालचं मशीन, लेन्स बदलली की चालू, कुणाला विचारायला लागत नाही.

हे मी इतकं तळमळून का सांगतोय ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर दोन-तीन आठवडे माझ्याकडं नुसत्या चिखलानं भरलेल्या मशीन येत होत्या. टीव्ही, फ्रिज गेलेले, घरातलं सगळं गेलेलं, आणि बाप पोरासाठी तेवढं मशीन पिशवीत घालून घेऊन आलेला, म्हणायचा बघा काय होतंय का. आम्ही उघडायचो, धुवायचो, आयपीएनं, म्हणजे बोर्ड साफ करायच्या अल्कोहोलनं, ब्रशनं घासायचो, वाळवायचो. पुरात मशीन अर्ध्या मरतात, एकाचा पॉवर सप्लाय जातो, एकाचा ड्राइव्ह जातो, एकाचा मदरबोर्ड जातो पण ड्राइव्ह ठणठणीत. साध्या हिशोबानं पाच मेलेल्या मशीनमधनं दोन-तीन जिवंत व्हायला पाहिजेत. पॉवर सप्लाय चालले, पंखे चालले, हार्डडिस्क चालल्या. ड्राइव्हपाशी आलो की अडायचं. एका घरच्या मशीनच्या ड्राइव्हचा बोर्ड पुरता गंजून गेलेला, माझ्या टेबलावर त्याच मॉडेलचे दोन चांगले ड्राइव्ह पडलेले, आणि तरी मला त्या माणसाला सांगावं लागलं की डिस्क चालणार नाही, डाउनलोड करूनच खेळायला लागेल. त्याच्याकडं अकरा ओरिजिनल डिस्क होत्या, धुऊन पुसून चकचकीत केलेल्या. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर पाणी गेलेलं मशीन आम्ही घेत नाही. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतोय. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा परत तेच.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. तिथं शेतीपंपाची इंजिनं यायची, कुणाचं बोअर झिजलंय, कुणाच्या रिंगा गेल्यात, कुणाचा क्रँक तुटलाय. इंजिन कुठल्याही कंपनीचं असूद्या, बोअर करून, बुश मारून, पार्ट शेजारच्या फौंड्रीत ओतून परत चालू. कुठलं इंजिन कधी म्हणालं नाही की हा पिस्टन माझ्या कारखान्यातला नाही, मी चालत नाही. या गावाचा अर्धा उद्योग त्या मोकळेपणावर उभा राहिलाय. म्हणून मला मालकीचा अर्थ लहानपणापासनं एकच माहितीय, उघडता आलं पाहिजे, दुरुस्त करता आलं पाहिजे आणि दुसऱ्याला देता आलं पाहिजे. या तिन्हीतलं काय काय तुझ्या कन्सोलमध्ये उरलंय ते बघू.

उघडणं आणि दुरुस्ती आपण बघितली, अर्धीमुर्धी उरलीय. दुसऱ्याला देणं आता. डिस्क आहे तोवर देता येते. आमच्याकडं मंगळवार पेठेतल्या पोरांचा एक ग्रुप होता, पाच जण वर्गणी काढून ४,९९९ चा एक गेम घ्यायचे, डिस्क एका घरातनं दुसऱ्या घरात फिरायची, शेवटी सगळ्यांचा खेळून झाला की विकून त्यात थोडे घालून पुढचा. डिजिटल घेतला की हे संपलं, तो तुझ्या अकाउंटला चिकटला, विकता येत नाही, भावाला वाढदिवसाला देता येत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१३ ला एक्सबॉक्स वन जाहीर करताना डिस्कवाल्या गेमला पण असंच करायचं ठरवलेलं, मशीननं २४ तासांत एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावायची आणि जुनी डिस्क विकण्यावर बंधनं. लोक इतके भडकले की जूनच्या १९ तारखेला, जाहीर केल्यापासून महिन्याभरातच, सगळं मागं घेतलं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोकांना वाटतं आपण बोलून काय होतंय. होतंय. सोनीनं २०२१ च्या मार्चमध्ये पीएस३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाचं स्टोअर बंद करायचं जाहीर केलेलं, ओरड झाली आणि एप्रिलमध्ये निर्णय फिरवला. निन्टेन्डोचं थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं स्टोअर मात्र २०२३ च्या मार्चमध्ये बंद झालंच, आता त्यावर नवीन काही विकत घेता येत नाही.

आणि डिस्क हातात आहे म्हणजे सगळं हातात आहे असंही राहिलेलं नाही बरं का. निन्टेन्डोच्या स्विच २ ला, जून २०२५ ला आला तो, गेम-की कार्ड नावाचा प्रकार आहे, कार्ड खरं असतं पण आत गेम नसतो, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड घालायचं. विकता येतं तेवढं बरं, पण सर्व्हर बंद झाला तर ते प्लॅस्टिकचा तुकडा. त्याच कंपनीनं मे २०२५ च्या आसपास युजर अ‍ॅग्रीमेंट बदललं आणि त्यात लिहिलं की नियम मोडले तर मशीन कायमची निकामी करायचा अधिकार आम्ही ठेवतो. अकाउंट बंद करणं एक, पण मशीन? तू रोख पैसे देऊन घेतलेली वस्तू? सेकंडहँड घेणाऱ्याला तर हे फार धोक्याचं, कारण आधीच्या मालकानं काय उद्योग केलेत ते तुला कळत नाही आणि शिक्षा मशीनला झालेली असते.

अपडेटचा प्रकार तर मला सगळ्यात जास्त खुपतो. पीएस३ घे. त्यात सुरुवातीला लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरची एक मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायची सोय होती, सोनीनंच दिलेली, तिची जाहिरात करून मशीन विकल्या. अमेरिकेच्या एअर फोर्सच्या लॅबनं १,७६० पीएस३ जोडून सुपरकॉम्प्युटर बनवला होता. आणि १ एप्रिल २०१० ला ३.२१ अपडेट आलं आणि ती सोय काढून टाकली. अपडेट घेतलं नाही तर ऑनलाइन खेळता येणार नाही, नवे गेम चालणार नाहीत. म्हणजे दोन्हीसाठी पैसे दिलेत, आता एक निवड. तिकडं लोकांनी क्लास अ‍ॅक्शन खटला (सगळ्या ग्राहकांच्या वतीनं एकच) भरला, तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी सोनीनं पैसे देऊन मिटवला. त्याच २०१० च्या डिसेंबरात फेलओव्हरफ्लो नावाच्या ग्रुपनं पीएस३ ची सही करायची गुप्त किल्लीच काढून दाखवली. कशी, तर प्रत्येक वेळी सही करताना जो नवा रँडम आकडा वापरायला पाहिजे तो सोनीनं दर वेळी एकच वापरला होता, त्यामुळं दोन सह्या घेऊन साधं गणित मांडलं की किल्ली हातात. लिनक्स काढून घेतल्यावरच हे लोक त्या मशीनच्या मागं लागले असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मोकळी ठेवलेली खिडकी बंद केली म्हणून भिंत फुटली.

सही म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो, कारण जेलब्रेकचं उत्तर त्यातच आहे. मशीन चालू झाली की चिपच्या आत कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो बदलता येत नाही. तो पुढच्या प्रोग्रॅमवर कंपनीची सही आहे का बघतो, तो त्याच्या पुढच्याची बघतो, अशी साखळी गेमपर्यंत. सही नाही तर चालणार नाही. वर चिपमध्ये बारीक फ्यूज असतात, एक्सबॉक्स ३६० मध्ये होते, स्विचमध्ये आहेत, मोठं अपडेट आलं की एखादा फ्यूज जाळला जातो आणि जुन्या व्हर्जनला परत जायचा रस्ता बंद. खरोखरचा जाळतात, सॉफ्टवेअरमधली नोंद नाही, परत जोडता येत नाही. कधीकधी त्या कोरलेल्या प्रोग्रॅममध्येच चूक सापडते, २०१८ ला स्विचच्या एनव्हिडियाच्या चिपमध्ये सापडली, उजव्या जॉयकॉनच्या (बाजूला सरकवून लावायच्या कंट्रोलरच्या) पट्टीतला एक पिन शॉर्ट करून रिकव्हरीत घालायचं आणि यूएसबीवरनं आत शिरायचं, आणि ती चूक अपडेटनं दुरुस्तच होऊ शकत नव्हती कारण ती सिलिकॉनमध्ये होती. विकलेल्या लाखो मशीन तशाच राहिल्या. पण अशी लॉटरी रोज लागत नाही.

म्हणून मित्राला सांग, जेलब्रेकनं तुझा ड्राइव्ह सुटत नाही. पीएस५ चा जेलब्रेक ठरावीक फर्मवेअरपर्यंतच होतो, तुझी मशीन अपडेट होऊन पुढं गेली असेल तर मागं आणता येत नाही, आणि झाला तरी ऑनलाइन गेलास की बॅन व्हायची भीती कायम. तुला पाहिजे काय, स्वतःच्या ओरिजिनल डिस्क चालवायच्यात. त्यासाठी जुना बोर्ड पाहिजे, जेलब्रेक नको. मी स्वतः दुकानात पायरेटेड गेम टाकून देत नाही, पूर्वी लोक रांग लावायचे तेव्हा पण नाही दिले, कारण गेम बनवणाऱ्याचं पोट त्यावर आहे आणि आता आपल्याच पुण्या-मुंबईची पोरं गेम बनवतायत. पण आपल्या जुन्या मशीनवर कुणी स्वतःचा प्रोग्रॅम चालवतोय, एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) शिकतोय, बंद पडलेल्या सर्व्हरचा गेम जिवंत ठेवतोय, त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कायद्याचं विचारतात बरेच जण. मी वकील नाही, पण कलम वाचलंय. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आणि ६५अ कलम आलं, की हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूनं लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘हेतूनं’ हा शब्द फार मोलाचा आहे, अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात तो असा नाही, तिथं लॉक तोडणंच मुळात बेकायदेशीर आणि दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. २०२१ ला तिथं कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीसाठी सवलत मिळाली, फक्त ड्राइव्हसाठी, आणि काम झाल्यावर लॉक परत होतं तसं करायच्या अटीवर. म्हणजे तुझ्याच आजारावर तिथं सरकारदरबारी चर्चा झालीय, तू एकटा नाहीस. आपल्याकडं २०२२ ला केंद्राच्या ग्राहक खात्यानं राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या हे चार विषय घेतले. कन्सोलचं नाव त्यात वेगळं नाही. ट्रॅक्टरवाल्यांचा आणि आपला प्रश्न मात्र एकच आहे, पार्ट चांगला, मिस्त्री चांगला, पण मशीन परवानगी मागते.

आता जेवढं तुझ्या हातात आहे तेवढं तरी घट्ट धर. सेकंडहँड घेताना विकणाऱ्यासमोर स्वतःच्या अकाउंटनं ऑनलाइन जाऊन बघायचं, नुसतं होम स्क्रीन आलं म्हणून पैसे द्यायचे नाहीत, आणि एक ओरिजिनल डिस्क बरोबर न्यायची, ती वाचून गेम चालू होईपर्यंत थांबायचं. डिजिटल गेम असतील तर सेटिंगमध्ये कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले चालू आहे का बघ. हे किती लोकांना माहीत नसतं. २०२५ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशनचं नेटवर्क जवळपास एक दिवस बंद होतं, ज्यांचं हे सेटिंग नव्हतं त्यांचे विकत घेतलेले गेम पण कुलूपबंद, आणि मला दिवसभर फोन, दादा मशीन बिघडली काय. सेव्हचं पण लक्षात ठेव, पीएस४ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येतात, पीएस५ च्या गेमचे तसे सुटे काढता येत नाहीत, ते क्लाउडवर जातात आणि त्याला प्लेस्टेशन प्लस मेंबरशिपचे पैसे लागतात. स्वतःच्या खेळाची नोंद ठेवायला भाडं, हे मला अजिबात पटत नाही, पण आहे असं आहे, मेंबरशिप चालू असेपर्यंत अपलोड झालंय का ते बघत जा.

पीएस४ वापरणाऱ्यांनी एक अपडेट मात्र टाळू नये, ९.०० किंवा त्याच्या पुढचं कुठलंही. आत एक नाण्यासारखी बॅटरी असते, सीआर२०३२, घड्याळासाठी. पूर्वी ती मेली आणि त्याच वेळी नेटवर्क मिळालं नाही तर मशीन डिस्क सुद्धा चालवायची नाही, का तर ट्रॉफीची (गेममध्ये मिळणाऱ्या बक्षिसाची) तारीख खरी की खोटी ते कळत नाही. पन्नास रुपयांच्या आतल्या सेलसाठी अख्खं मशीन अडायचं. गेम जपून ठेवणाऱ्या लोकांनी हे शोधून आरडाओरडा केला आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटनं सोनीनं ते गुपचूप दुरुस्त केलं. म्हणून माझं अपडेटविषयीचं मत असं आहे की काय बदलतंय ते वाचून घ्यायचं, आंधळेपणानं घ्यायचं नाही आणि आंधळेपणानं टाळायचं पण नाही.

मोठा गेम घेताना सर्व्हरवर अवलंबून आहे का ते बघ. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ नावाच्या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद केले, एकट्यानं खेळायचा भाग सुद्धा गेला, डिस्कवाल्यांचा पण. त्यावरनं युरोपात स्टॉप किलिंग गेम्स म्हणून चळवळ उभी राहिली, दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी साधी आहे, बंद करा, पण विकलेला गेम चालत राहील अशा अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियात २०२५ पासनं कायदा लागू झालाय की डिजिटल वस्तू विकताना ही मालकी नाही, परवाना आहे हे दुकानानं स्पष्ट सांगायचं. आपल्याकडं एवढं जरी झालं तरी बाप-आईला कळेल की पाच हजार कशाचे दिले.

तर आता तुझं काम. दुकानात जा, जुना ड्राइव्ह मागून घे, त्यांनी आता बसवलाय तो पण मशीनमध्ये आहेच. दोन्हीवरचा मॉडेल नंबर एक आहे का बघ, एक असेल तर काम सोपं, त्याच दुकानदाराला सांग की जुन्याचा बोर्ड या मेकॅनिझमला लावा. पट्ट्या काढताना कनेक्टरचं लॉक उचलूनच काढायच्या, ओढली की फाटते, आणि फाटलेली पट्टी हीच नंतर बोर्ड गेला म्हणून माथी मारली जाते. पंख्याकडच्या बाजूचं काही उघडायची गरज नाही, प्रोसेसरवर लिक्विड मेटल (उष्णता ओढून घेणारा पातळ धातू) असतं, तिथं हात घालू देऊ नकोस. जुना मेकॅनिझम उघडाल तेव्हा रोलरपाशी एकदा बघा, मी तिथनं आजवर एक रुपयाची नाणी, मेमरी कार्ड आणि एकदा लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा काढलाय, कदाचित ड्राइव्ह बिघडलेलाच नसेल. बोर्ड टाकून दिला असं म्हणाले तर मात्र भंगाराची पेटी समोर उलटी करायला सांग, तळव्याएवढा बोर्ड असतोय, हिरवा नाहीतर काळा, आणि सापडला की फोटो काढून मला पाठव, तो तुझ्याच मशीनचा आहे का ते आधी बघू, मग पुढचं.